गाडीची करडी पडलेली काळी ट्रिम पुन्हा काळी करण्याची नीट पद्धत

बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांवरच्या रुंद पट्ट्या, आरशाचं बूड, वायपरखालची जाळी. रंग न दिलेलं हे काळं प्लास्टिक, म्हणजेच ट्रिम, उन्हाने करडं पडतं आणि मग त्यावर काहीतरी चोळून ते काळं केलं जातं. पहिल्या दिवशी छान दिसतं. पहिल्या पावसात ओघळ उतरतात, थोड्या दिवसांत ठिपके उमटतात आणि दोष बाटलीला दिला जातो. बहुतेक वेळा बाटली चांगलीच असते. जुन्या तेलाचा, मेणाचा आणि मळाचा थर खाली तसाच राहिलेला असतो, आणि नवा हात प्लास्टिकवर न बसता त्या थरावर बसतो. तो थर धुपला की वरचं सगळं त्याच्यासोबत जातं.

म्हणून या लेखात लावण्यापेक्षा साफ करण्याला जास्त जागा दिली आहे. चौफेर क्लॅडिंग (पत्र्यावर बसवलेलं प्लास्टिकचं आवरण) असलेल्या गाडीला अर्धा दिवस काम आणि त्यानंतर एक पूर्ण दिवस कोरडं ठेवणं, एवढा वेळ धरूनच सुरुवात करा. मधेच थांबावं लागणार असेल तर एकच बंपर घ्या, पण तो शेवटपर्यंत न्या.

## टप्पा १: कुठला भाग कशाचा आहे ते ओळखा

दिसायला सगळंच काळं असतं, पण एकच बाटली सगळीकडे चालत नाही. सर्वात जास्त नुकसान इथेच होतं.

दाणेदार, खडबडीत प्लास्टिक. बंपरचा खालचा भाग, कमानी, दारांखालचं क्लॅडिंग, जाळी. बहुतेक वेळा हे पॉलिप्रॉपिलीन किंवा त्याचं मिश्रण असतं आणि त्याचा काळा रंग आतपर्यंत गेलेला असतो. पुढची सगळी कृती याच्यासाठी आहे.

चकचकीत काळे भाग. दारांमधल्या खांबांवरच्या गुळगुळीत पट्ट्या, काही गाड्यांची ग्रिल. यांवर ट्रिमचं औषध लावू नका, त्याने फक्त तेलकट पट्टे उमटतात. इथे करडेपणा बारीक ओरखड्यांमुळे येतो आणि तो पॉलिशने काढायचा असतो. त्या खांबांवर पुष्कळदा काळी चिकट फिल्म असते. ती तडकली असेल तर बदलणं हाच उपाय.

रबर. काचेच्या कडेची आणि दारांची सीलं. यांना रबरासाठीचं, पाण्यात मिसळलेलं ड्रेसिंग (वरून चोळायचं चकाकीचं औषध) लागतं. पेट्रोलियम सॉल्व्हंट असलेलं काहीही रबराला फुगवतं.

रंग दिलेला धातू. वायपरचे दांडे, काही रूफ रेल. इथे रंगच उडालेला असतो, तेव्हा पुन्हा रंगच द्यावा लागतो.

> तपासणी: नख हलकेच फिरवा. दाणे लागले आणि पांढऱ्या ओल्या फडक्यावर करडी किंवा काळी भुकटी आली, तर ते उन्हाने मेलेलं कच्चं प्लास्टिक आहे. नख सरकन घसरलं तर थांबा आणि वरची यादी पुन्हा पाहा.

## टप्पा २: पाणी टाकून पाहा, मग औषध निवडा

अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून प्लास्टिकचा सर्वात वरचा थर तोडतात. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, भुकटी साचते, प्रकाश त्यावर विखुरतो आणि काळं करडं दिसू लागतं. खाली रंग शिल्लक असतोच. किती शिल्लक आहे हे पाण्याने कळतं. तो भाग धुऊन घ्या आणि ओला असतानाच नीट पाहा.

ओला असताना गडद, एकसारखा काळा दिसला तर साधं पॉलिमर रिस्टोरर (काळेपणा परत आणणारं बिनरंगी औषध) किंवा ट्रिमसाठीचं सिरॅमिक कोटिंग (वाळून कडक होणारा थर) पुरेल. ओला असूनही करडा राहिला किंवा ढगांसारखे पट्टे दिसले तर बिनरंगी औषध तिथे हरतं. तिथे रंगद्रव्य असलेलं रिस्टोरर, म्हणजे ट्रिमची डाय, घ्यावं लागेल. प्लास्टिक हाताला खडूसारखं लागत असेल, पोपडे सुटत असतील, तर डायदेखील धरणार नाही. तो भाग रंगवा किंवा बदला.

आता औषधांबद्दल. सिलिकॉनचं तेलकट ड्रेसिंग काही आठवडे टिकतं आणि धूळ ओढून घेतं. गाडी एखाद्या समारंभासाठी सजवायची असेल तेवढ्यापुरतं ते ठीक. पॉलिमर रिस्टोरर आणि डाय काही महिने चालतात. सिरॅमिक कोटिंग नीट लावलं तर सर्वात जास्त टिकतं, पण चूक झाली तर ती काढायलाही तितकंच जड जातं. पहिल्यांदाच करणाऱ्याने पॉलिमर रिस्टोरर घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. हात बसला की मग कोटिंगकडे वळा.

खाण्याचं तेल, पेट्रोलियम जेली, बुटाचं पॉलिश हे उपाय सोडून द्या. ते प्लास्टिकवर बसत नाहीत, उन्हात पातळ होऊन रंगावर ओघळतात, आणि नंतर खरं औषध लावायचं ठरवलं की तेच धुऊन काढण्यात निम्मी मेहनत जाते.

हीट गनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो आणि म्हणून मोह होतो. उष्णतेने वरचा पातळ थर मऊ होऊन पुन्हा बसतो आणि काळेपणा परत येतो. पण उन्हाने झालेली मोडतोड त्याने भरून निघत नाही आणि काही महिन्यांत करडेपणा परततो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं, तर हीट गनच्या तोंडाशी हवा ५०० अंशांपर्यंत जाऊ शकते. एक क्षण हात थांबला की दाणे वितळून तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो, आणि शेजारचा रंगही जळू शकतो. मी हा मार्ग कुणालाच सुचवत नाही.

## टप्पा ३: सामान आणि जागा

सामान मधेच शोधत बसलात तर क्लीनर प्लास्टिकवर वाळतो, म्हणून सगळं आधी हाताशी ठेवा: गाडीचा शाम्पू, ऑल पर्पज क्लीनर, मऊ ते मध्यम नायलॉनचा ब्रश, कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मास्किंग टेप, फोमचा ॲप्लिकेटर, कडांसाठी लहान सपाट ब्रश, नायट्राइलचे हातमोजे, उजेडासाठी बॅटरी (टॉर्च), आणि भरपूर मायक्रोफायबर फडकी. फडकी कमी पडली की लोक मळकं फडकंच उलटं करून वापरतात आणि काढलेला मळ परत चोळतात.

जागा सावलीची आणि हवा खेळती असावी. प्लास्टिक हाताला थंड लागलं पाहिजे. उन्हातून आणलेली गाडी आधी निवू द्या. तापलेल्या प्लास्टिकवर औषध पसरण्याआधीच सुकतं आणि झाडू मारल्यासारखे फरकाटे उमटतात. पुढच्या २४ तासांत पावसाची शक्यता असेल तर काम पुढे ढकला.

> इशारा: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पुष्कळ रिस्टोरर ज्वालाग्राही असतात. जवळ आग, सिगारेट, चालू हीटर नको. काही रिस्टोररमध्ये जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेलं असतात. अशा तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

## टप्पा ४: आधी गाडी धुवा, मग ट्रिम

पूर्ण गाडी शाम्पूने धुऊन घ्या. फक्त ट्रिम धुतली तर वरच्या पत्र्यावरची धूळ आणि साबण नंतर खाली उतरत राहतात. चाकांच्या कमानींच्या आतला चिखलही काढा, नाहीतर लावताना ॲप्लिकेटर कडेला लागला की मातीचे कण सगळीकडे फिरतात.

## टप्पा ५: तेल, मेण आणि जुनं औषध काढा

सगळ्या कामाचा निकाल इथे लागतो, म्हणून घाई करू नका.

एक भाग ऑल पर्पज क्लीनर आणि दहा भाग पाणी असं द्रावण करा. मळ फार असेल तर एकास चार. हाताच्या एका आवाक्यात येईल एवढाच भाग घ्या, फवारा, अर्धा मिनिट थांबा आणि ब्रशने घासा. आधी उभं, मग आडवं, मग गोलाकार, कारण दाण्यांच्या मधल्या खोलगट जागांत मळ सगळ्या बाजूंनी अडकलेला असतो. फेस करडा किंवा तपकिरी होईल. वाळायच्या आत पाण्याने धुवा आणि तोच भाग पुन्हा घ्या. फेस पांढराच राहीपर्यंत हे करत राहायचं. ज्या गाडीवर वर्षानुवर्षं चकाकीची औषधं मारली आहेत, तिला तीन-चार फेऱ्या लागल्या तरी नवल नाही.

शेजारी कच्च्या ॲल्युमिनियमच्या किंवा क्रोमसारख्या दिसणाऱ्या ॲनोडाइज्ड पट्ट्या असतील तर त्या आधी टेपने झाका. तीव्र अल्कधर्मी क्लीनरने त्यांवर पांढरे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

आता दाण्यांत बसलेले पांढरे ठिपके. गाडीला पॉलिश करताना मेण ट्रिमवर लागतं आणि वाळून पांढरं दिसतं. हे ऊन लागल्याचं लक्षण नाही, त्यामुळे त्यावर कितीही काळं लावलं तरी ते खालून डोकावतं. क्लीनर आणि टूथब्रशने ते बऱ्यापैकी निघतं. हट्टी ठिपक्यांसाठी मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा किंवा फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. वाफेचं यंत्र असेल तर उत्तमच, फक्त नळी एका जागी धरून ठेवू नका.

तीन गोष्टी मात्र टाळा. पॉलिश पेपर: त्याने दाणे घासून जातात आणि ते कधीच परत येत नाहीत. मेलामाइनचा पांढरा स्पंज: तो दिसतो मऊ, पण काम बारीक पॉलिश पेपरचं करतो आणि दाण्यांची टोकं चकचकीत करतो. आणि पेट्रोल किंवा थिनर: शेजारच्या रंगाला, रबराला आणि तुमच्या फुप्फुसांना, सगळ्यांनाच त्रास.

> तपासणी: ट्रिमवर स्वच्छ पाणी ओता. पाणी मोत्यांसारखे थेंब करून घरंगळलं तर जुनं औषध अजून शिल्लक आहे, टप्पा ५ पुन्हा करा. पाणी सपाट पसरून प्लास्टिकला चिकटून राहिलं तरच पुढे जा.

पुष्कळ जण या टप्प्यानंतर घाबरतात, कारण ट्रिम पूर्वीपेक्षाही करडी दिसते. ते बरोबरच आहे. आधीचा अर्धवट काळेपणा जुन्या तेलाचा होता.

## टप्पा ६: खरोखर कोरडं करा

वरून पुसलं की कोरडं झालं असं होत नाही. पट्टीच्या मागे, क्लिपांच्या भोवती, आरशाच्या सांध्यात पाणी दडून बसतं आणि औषध लावून दहा मिनिटं झाली की नेमकं बाहेर येतं. त्याच्या वाटेवर औषध धुपून उभी रेघ पडते. मागून सुटलेले ओघळ बहुतेक या पाण्याचेच असतात.

ब्लोअर असेल तर सांध्यांतून हवा मारा. नसेल तर गाडी थोडी चालवून आणा, दारं आणि डिकी दोनदा आपटून बंद करा, आणि सावलीत किमान तासभर उभी ठेवा. मग मायक्रोफायबरची कड पट्टीच्या खालून ओढून पाहा. ओली निघाली तर अजून थांबा.

## टप्पा ७: टेप लावा आणि शेवटचा हात पुसा

ट्रिमला लागून असलेल्या रंगाच्या कडेला मास्किंग टेप लावा आणि नखाने दाबून बसवा. हलक्या रंगाच्या गाडीवर डाय वापरत असाल तर ही पायरी सक्तीचीच समजा. पार्किंगचे सेन्सर आणि कॅमेऱ्याची काचही झाका. त्यांवर कसलाही थर नको.

टेप लावून झाली की हातमोजे घाला. अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अर्धं स्वच्छ पाणी असं द्रावण फडक्यावर घेऊन सगळी ट्रिम एकदा पुसा. यानंतर उघड्या बोटांनी ट्रिमला हात लावायचा नाही. बोटाचं तेल पुरेसं असतं, तेवढ्याच जागी ठसा उमटतो.

## टप्पा ८: आधी लपलेल्या जागी लावून पाहा

मागच्या बंपरच्या खालच्या कडेला हाताच्या पंज्याएवढी जागा निवडा, तिथे लावा आणि बाटलीवर सांगितलेला वेळ वाळू द्या. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. फडकं काळं झालं तर जागा अजून स्वच्छ नव्हती किंवा थर जाड झाला होता. डाय असेल तर छटा मूळ काळ्याशी जुळते का, हेही इथेच कळतं. काही डाय उन्हात निळसर दिसतात.

## टप्पा ९: पातळ हात, एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत

बाटली नीट हलवा. औषध कधीही थेट ट्रिमवर फवारू नका, ॲप्लिकेटरवर थोडे थेंब घ्या. आधी दाण्यांत जाईल असं आडवं-उभं फिरवा, आणि शेवटचा हात मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेने एका सरळ रेषेत ओढा. मधेच थांबायचं असेल तर सांध्याशी थांबा. अखंड पट्टीच्या मधोमध थांबलात तर तिथे दुहेरी थराची गडद रेघ कायम दिसते.

कडा आणि खाचा लहान ब्रशने आधी भरून घ्या, मग मोठा भाग. उलट केलं तर ब्रशचे फटकारे वर राहतात.

लावल्यावर जास्तीचं औषध पुसून घेणं अनेकांकडून राहतं. बाटलीवर दिलेल्या वेळात, बहुधा एक ते पाच मिनिटांत, स्वच्छ कोरडं मायक्रोफायबर अगदी हलकं फिरवा. ट्रिम ओली चमकताना दिसायला नको. नव्या गाडीचं प्लास्टिक अर्धं मॅटच असतं, तसंच दिसायला हवं. ओलसर चमक म्हणजे जास्तीचं औषध, आणि तेच पुढे ओघळतं.

प्रत्येक भाग झाला की बॅटरी तिरकी धरून पाहा. राहिलेले ठिपके समोरून दिसत नाहीत, तिरक्या प्रकाशात लगेच दिसतात.

सिरॅमिक कोटिंग असेल तर भाग आणखी लहान घ्या, फार तर ३० सेंटिमीटरचा, कारण कडक झालेला उंचवटा नंतर पुसला जात नाही. त्याची फडकी पुन्हा वापरू नका. वाळल्यावर त्यांत काचेसारखे कण तयार होतात आणि ते रंगावर ओरखडे पाडतात.

> इशारा: वायपरखालच्या जाळीवर तेलकट ड्रेसिंग लावू नका. पावसात ते पुढच्या काचेवर येतं आणि वायपर ते पसरवतो, रात्री समोरचं दिसत नाही. दारातून आत जाताना पाय पडणाऱ्या पट्ट्या आणि पायदान यांवरही काही लावू नका, पाय घसरतो.

## टप्पा १०: दुसरा हात आणि वाळवण

पहिला हात हाताला कोरडा लागल्यावरच दुसरा द्या. मेलेलं प्लास्टिक पहिला हात शोषून घेतं, त्यामुळे खूप करड्या भागाला दुसरा हात बहुतेक लागतोच. तिसरा सहसा नको, तो नुसता वर बसून राहतो.

टेप औषध पूर्ण कडक व्हायच्या आधी, स्वतःवर दुमडत, हळू ओढा. त्यानंतर २४ तास पाणी नको, दवही नको. पहिला आठवडा शाम्पू टाळा.

## बिघडलंच तर

रंगावर औषध लागलं: ताजं असेल तर लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. डाय वाळली असेल तर सौम्य पॉलिश लागेल.

पट्टे उमटले: वरून आणखी लावून ते झाकले जात नाहीत. पॉलिमर रिस्टोरर असेल तर तेच औषध थोडं ॲप्लिकेटरवर घेऊन पट्ट्यावर फिरवा, जुना थर मऊ होतो, आणि लगेच एकसारखा पुसा. तरी राहिले तर तो एक भाग टप्पा ५ पासून पुन्हा.

काहीच धरत नाही: मग रंग. पॉलिप्रॉपिलीनवर रंग सरळ बसत नाही, म्हणून आधी बारीक करडा स्कफ पॅड (पृष्ठभाग हलका खरवडणारा पॅड) फिरवा, प्लास्टिकसाठीचं ॲडहीजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारं अस्तर) द्या आणि मगच ट्रिमचा अर्धमॅट काळा रंग तीन पातळ हातांत मारा. जाड हाताने दाणे भरून जातात आणि ट्रिम सपाट, खोटी दिसते. हे काम करताना ट्रिम गाडीवरून काढता आली तर जरूर काढा.

## पुढची निगा

न्यूट्रल पीएचचा शाम्पू वापरा. गाडीला मेण किंवा पॉलिश करण्याआधी दर वेळी ट्रिमच्या कडेला टेप लावा. आपोआप धुणाऱ्या यंत्रातला तीव्र क्लीनर कुठल्याही थराचं आयुष्य कमी करतो. महिन्यातून एकदा धुताना ट्रिमवर पाणी कसं वागतं ते पाहा: थेंब घरंगळत असतील तर थर जिवंत आहे, पाणी पसरायला लागलं की पॉलिमर रिस्टोररचा एक पातळ हात द्यायची वेळ आली. करडेपणा दिसायची वाट न पाहता हा हात दिलात, तर आधी एकदा क्लीनर आणि एकदा अल्कोहोलचं फडकं एवढं पुरतं.